पडदा काळा, म्हणून संगणक भंगारात?

गेल्या डिसेंबरात एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ज्वालामुखी, पवनचक्क्या आणि पाणी वाचविण्याच्या योजना पाहून झाल्यावर आम्हा परीक्षकांना चहासाठी शाळेच्या संगणक कक्षात बसविण्यात आले. कक्षात बारा संगणक होते. पैकी सातांच्या पडद्यांवर वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या डकविल्या होत्या. कुणावर ‘बंद’ लिहिले होते, कुणावर ‘डिस्प्ले नाही’, आणि एकावर तर नुसतीच लाल फुली. मी चौकशी केली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “जुने झाले हो. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करून निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविला आहे. मंजुरी आली की भंगारात जातील.”

“पण त्यांना झाले आहे काय?”

“सांगितले ना, बंद आहेत.”

आता तुम्हीच सांगा, एखाद्या डॉक्टरने नाडी न पाहता ‘हा माणूस आजारी आहे’ एवढे सांगून फी मागितली, तर तुम्ही पुन्हा त्याच्याकडे जाल काय? ‘बंद आहे’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. त्या सात चिठ्ठ्या म्हणजे न सोडविलेली सात गणिते होती आणि शाळा ती उत्तरासकट भंगारवाल्याला देऊन टाकणार होती. बाहेर सभामंडपात विज्ञानाचे प्रदर्शन भरले होते. पण ज्या खोलीत खरे विज्ञान करता आले असते तिला कुलूप होते. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. पडदा न लागणारा जुना संगणक ही हायस्कूलच्या प्रयोगशाळेतील सर्वांत उपयोगी वस्तूंपैकी एक आहे, आणि तो दुरुस्त होवो वा न होवो, त्याचा बिघाड शोधण्याचे काम विद्यार्थ्यांकडून काढून घेणे हे त्यांचे नुकसान आहे.

मुख्याध्यापकांनी माझ्या आग्रहाखातर दुपारचे तीन तास दिले. नववीतल्या दोन मुली आणि दोन मुलगे बरोबर घेतले. हत्यारे म्हणाल तर एक पेचकस, मोबाइलची बॅटरी आणि एक शंभर पानी वही.

कामाला लागण्यापूर्वी थोडा विचार. तुम्ही कळफलकावर ‘क’ दाबता आणि पडद्यावर ‘क’ उमटतो, या दोहोंच्या मध्ये किती कड्या असतात ते मोजून पाहा. भिंतीतील खटका, एक्स्टेंशन बोर्ड, संगणकातील वीजपुरवठ्याची पेटी, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची पट्टी, संगणक चालविणारी प्रणाली, चित्र तयार करणारा भाग, त्याचे सॉकेट, केबल, मॉनिटरचे सॉकेट, मॉनिटरचा स्वतःचा वीजपुरवठा, त्यातील मंडल, द्रवस्फटिकांचा पडदा आणि पडद्यामागचा दिवा. पंधरा झाल्या, आणि बारकाईने पाहिले तर आणखीही सापडतील. यांतली एक जरी कडी तुटली, तरी बघणाऱ्याला दिसते ते एकच: काळा पडदा. म्हणूनच माणूस घाबरतो. पंधरा कारणे आणि लक्षण एक!

पण तुम्ही शब्दकोशात शब्द शोधता तेव्हा पहिल्या पानापासून वाचीत जात नाही. मधोमध उघडता, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहता आणि निम्मा कोश एका झटक्यात बाजूला सारता. इथेही तेच करायचे. सोळा कड्यांची साखळी असली तर नीट निवडलेल्या चार चाचण्यांत दोषी कडी सापडते, कारण १६चे निम्मे ८, मग ४, मग २, मग १. १०२४ कड्या असल्या तरी चाचण्या दहाच लागतात. गणितात २चे घात शिकताना याचा उपयोग काय असे तुम्हाला वाटले असेल, तर तो हा.

या साखळीचा मध्य म्हणजे केबल. मॉनिटर चालू ठेवून संगणकाकडून येणारी केबल त्याच्या पाठीमागून काढा. पुष्कळसे सपाट मॉनिटर अशा वेळी स्वतःहून ‘संकेत नाही’ किंवा ‘केबल तपासा’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी दाखवितात. ती पाटी संगणकाने पाठविलेली नसते. संगणक तर तुम्ही तोडला आहे. ती मॉनिटरने स्वतः काढलेली असते. याचा अर्थ मॉनिटरचा वीजपुरवठा, मंडल, पडदा आणि मागचा दिवा अशा चार-पाच कड्या एकदम निर्दोष सुटल्या. गंमत पाहा, लोक ज्या पाटीला बिघाड समजतात ती पाटी म्हणजे मॉनिटरच्या प्रकृतीचा दाखलाच असतो.

दुसऱ्या अर्ध्या भागासाठी तर काहीच उघडावे लागत नाही. कळफलकावरचे नमलॉक हे बटण दाबा. दर दाबण्याला त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर प्रोसेसर जागा आहे, रॅम काम करते आहे, संगणक आपले सर्व व्यवहार निमूटपणे पार पाडतो आहे. बिचाऱ्याला फक्त ते दाखविता येत नाही. दिवा ढिम्म राहिला तर दोष आणखी मागे आहे. मग कान द्यायचा. संगणक सुरू होताना स्वतःची तपासणी करतो आणि पडदा मिळाला नाही तर शिटीने बोलतो. १९८१च्या मूळ आयबीएम पीसीपासून ही सोय आहे. बऱ्याच यंत्रांत एक लांब आणि दोन आखूड शिट्या म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाची तक्रार. थांबून थांबून येत राहणाऱ्या लांब शिट्या पुष्कळदा रॅमविषयी असतात. ही भाषा उत्पादकागणिक थोडी बदलते, म्हणून त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून खात्री करावी.

आता आमच्या सात रुग्णांकडे वळू. पहिल्याच्या मॉनिटरची पिन एक्स्टेंशन बोर्डच्या मेलेल्या भोकात होती. यावर मी अधिक काही लिहीत नाही. मुख्याध्यापकही फार बोलले नाहीत. दुसऱ्यात कुणीतरी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविले होते आणि केबल मात्र मदरबोर्डच्या जुन्या सॉकेटातच राहिली होती. तिसऱ्याचा पडदा सुरुवातीची अक्षरे दाखवी, मग ‘कक्षेबाहेर’ अशा अर्थाची पाटी येई. अर्थात, सुरुवातीला जे दिसते त्याअर्थी केबल आणि मॉनिटर दोन्ही ठीक. कुणीतरी या जुन्या मॉनिटरला न पेलणारी मांडणी निवडली होती. सेफ मोडमध्ये जाऊन ती बदलली.

चौथा, म्हणजे लाल फुलीवाला, फार रंजक निघाला. तो बंद नव्हताच. त्याचा पडदा पिवळा होता. पांढरा कागद पिवळा, पांढरी अक्षरेही पिवळी. कक्षात सर्वांचे ठाम मत, की ‘पडद्याला वय झाले, कागदासारखा पिवळा पडला’. ऐकायला पटते, नाही? पण नववीच्या त्या मुलांना मी एवढेच विचारले, की तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश मिळून पांढरा होतो. त्यातून कोणता काढला तर पिवळा उरेल? दोघे एकदम म्हणाले, “निळा.” मग निळा येतो कुठून? १९८७ साली आलेल्या व्हीजीए पद्धतीच्या जोडणीत पंधरा जागा असतात, पाच-पाचच्या तीन ओळींत. पहिल्या ओळीतील पहिल्या तीन जागा अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा या संकेतांच्या. प्रत्येक संकेत शून्य ते ०.७ व्होल्ट इतकाच. विजेरीच्या सेलच्या निम्म्याहूनही कमी. आम्ही केबल काढून भिंगातून पाहिले, तर तिसरी पिन आडवी झोपलेली. पेन्सिलीच्या पोकळ टोकाने ती हलकेच सरळ केली आणि पडदा पांढरा झाला. तांबडी पिन निकामी झाली असती तर पांढऱ्याच्या जागी निळसर हिरवा दिसला असता, हिरवी गेली असती तर साडीच्या दुकानात ज्याला राणी रंग म्हणतात तो. एक सूचना मात्र करून ठेवतो: पुष्कळशा केबलींमध्ये मधल्या ओळीतील नवव्या क्रमांकाची पिन मुळातच बसविलेली नसते. ती तुटली म्हणून शोक करू नये.

पाचव्याचा पडदा पूर्ण काळा, पण मॉनिटरचा हिरवा दिवा लागलेला. खोली अंधारी करून मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरपी धरली, तर खोल पाण्यातल्यासारखी चिन्हे दिसू लागली! चित्र होते, प्रकाश नव्हता. द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत, ते फक्त मागून येणारा प्रकाश अडवितात किंवा सोडतात, हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि असे पाहणे वेगळे. त्या मुलांना ते आता जन्मभर सांगावे लागणार नाही. हा मॉनिटर आम्ही दुरुस्त केला नाही. जुन्या सपाट मॉनिटरांत मागच्या बाजूला पाऱ्याची वाफ असलेल्या काचेच्या बारीक नळ्या असतात आणि त्या पेटवायला शेकडो व्होल्ट लागतात. ते काम मुलांचे नव्हे, माझेही नव्हे. मात्र दुसरा मॉनिटर जोडताच त्याचा संगणक ठणठणीत चालला. चिठ्ठी दोघांच्या नावे लागली होती, गुन्हा एकाचाच होता.

सहाव्याची कथा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात माझीच फजिती आहे. पडदा काळा, नमलॉकचा दिवा ढिम्म, आणि लांब शिट्या चालूच. रॅमच! तोवर चार यश पदरात पडलेले, भोवती शिक्षकही जमलेले. मला हुरूप आला. वीज बंद केली, तारा काढल्या, अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी काठ मऊ खोडरबराने हलके पुसले, खाचांतील धूळ ब्रशने झटकली, पट्ट्या परत बसविल्या, जाताजाता केबलही बदलली. बटण दाबले. पडदा लागला! टाळ्या झाल्या. तेवढ्यात वही लिहिणारी मुलगी म्हणाली, “सर, नेमके काय बिघडले होते? मी काय लिहू?”

मला सांगता येईना. धूळ असेल, काठांवरचा थर असेल, पट्टी नीट बसली नसेल. मी चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि त्यामुळे त्यांतली कोणती खरी, हे जाणण्याचा मार्ग स्वतःच बंद केला होता. तिने वहीत लिहिले: ‘चालू झाला. कारण कळले नाही.’ वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला हे वाक्य बोचले, पण ते अचूक होते.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांचा दूरध्वनी आला. संगणक पुन्हा काळा. मी म्हटले, मी येत नाही. त्या मुलांनाच करू द्या, शेजारी शिक्षक उभे राहोत. पट्ट्या दोन, खाचा दोन. त्यांनी वहीत चार घरांचा तक्ता आखला. पहिली पट्टी पहिल्या खाचेत: काळा. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत: काळा. पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत: चालू. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत: चालू. तक्ता पाहिल्यावर तुम्हाला उत्तर सांगायला नकोच. पट्ट्या निर्दोष होत्या; पहिली खाच दोषी होती. भिंगाने पाहता तिच्यातील एक बारीक स्प्रिंग दबलेली आढळली. मी पट्ट्या काढून बसविल्या तेव्हा ती तात्पुरती टेकली असणार आणि चार दिवसांत पुन्हा सुटली असणार. आता तो संगणक एका पट्टीवर, जरा सावकाश, पण रोज चालतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता थोडे तुमच्याशी. आपण प्रयोगशाळेत जे प्रयोग करून घेतो त्यांत आणि या तक्त्यात एक मोठा फरक आहे. आपल्या प्रयोगांचे उत्तर मुलांना आधीच ठाऊक असते. लोलकाच्या प्रयोगाची जर्नले मी दरवर्षी तपासतो. दोरा कुणी हाताने धरलेला असतो, घड्याळ कुणाचे मागे-पुढे असते, तरी बहुतेकांच्या गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ येते! पृथ्वी आमच्या महाविद्यालयावर विशेष प्रसन्न आहे असे नव्हे. विद्यार्थी उत्तरापासून मागे हिशेब करून निरीक्षणे लिहितात. आपण त्यांना सही देतो. असे पाच-सहा वर्षे चालले म्हणजे ‘निरीक्षण’ या शब्दाचा अर्थ ‘जे यायला हवे ते लिहिणे’ असा होऊन बसतो. बिघडलेल्या संगणकाचे उत्तर कुठल्याही गाईडात छापलेले नसते. तिथे खोटे निरीक्षण लिहिले तर पडदा काळाच राहतो. हा परीक्षक गुण कमी करीत नाही, ओरडत नाही, पण त्याला फसविताही येत नाही.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच चुकीचे नाहीत. वेळ नाही, हा पहिला. खरे आहे, पण जो तास संगणक बंद असल्यामुळे फळ्यावर संगणकाचे चित्र काढण्यात जातो, तो तरी कुठे वाचतो? दुसरा आक्षेप असा, की आता हे संगणक जुने झाले, विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, मग त्यांत वेळ का घालवावा? कंपनीने हात काढून घेतला म्हणजे रोजच्या वापरासाठी, विशेषतः इंटरनेटसाठी, काळजी घ्यावी लागते हे मान्य. पण त्यामुळे ओहमचा नियम जुना होत नाही. शिवाय जे यंत्र टाकूनच द्यायचे आहे, ते शिकण्यासाठी उत्तम. त्याच्या बाबतीत चूक परवडते.

तिसरा आक्षेप धोक्याचा. तो मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणून मर्यादा स्पष्ट सांगतो. संगणकाच्या आतील वीजपुरवठ्याची पेटी विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण तो सरासरीचा एक प्रकार आहे. तिचे शिखर २३० गुणिले २चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टला पोहोचते, आणि पेटीतील कपॅसिटर तेवढा भार प्लग काढल्यावरही काही काळ धरून ठेवू शकतात. मॉनिटरही उघडू नये, आणि जुना, पाठीला कुबड असलेला काचनळीचा मॉनिटर तर नाहीच नाही. रंगीत नळीला २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. ती नळी स्वतःच एक कपॅसिटर असते: काचेच्या आत एक वाहक थर, बाहेर एक वाहक थर आणि मध्ये काच. वीज काढून ठेवली तरी ती भार जपून ठेवते. तिच्या काचेत शिसेही असते. म्हणून असे मॉनिटर आणि पाऱ्याच्या नळ्यांचे पडदे हातगाडीवर न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जावेत. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांचा रोखही तोच आहे.

पण न उघडताही किती कळू शकते, याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. मी विद्यार्थी असताना आमच्या संगणक कक्षात काचनळीचे मॉनिटर होते आणि त्यांतल्या भिंतीलगतच्या एकाचे चित्र सारखे थरथरत असे. दुरुस्तीवाल्याने मॉनिटर दोनदा बदलला, थरथर कायम. आमच्या सरांनी पेचकसाला हातही न लावता मॉनिटर दोन हात अलीकडे ओढला. थरथर थांबली. भिंतीच्या पलीकडे मोठा स्टॅबिलायझर होता. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेई, आणि पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाई. इलेक्ट्रॉनांचा झोत त्या क्षेत्रात वळतो हे उघडच आहे. दोहोंच्या वारंवारतेतला फरक १०, म्हणून चित्र सेकंदाला दहा वेळा डुले. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या म्हणजे आवाज जसा लहानमोठा होत राहतो, तसेच हे. सरांनी चित्राची वारंवारता ७५ करून मॉनिटर पुन्हा भिंतीशी नेला, तेव्हा फरक २५ झाला आणि थरथर बारीक झाली. कारण सांगितले एवढ्यावर ते थांबले नाहीत. कारण बदलले तर परिणाम कसा बदलेल हे त्यांनी आधी फळ्यावर लिहिले आणि मग करून दाखविले. मी भौतिकशास्त्राकडे वळलो त्यात त्या थरथरणाऱ्या चित्राचा वाटा आहे.

तेव्हा शाळांना माझी मागणी साधी आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावात प्रत्येक यंत्रापुढे ‘बंद’ एवढेच न लिहिता कोणत्या चाचण्या केल्या व काय आढळले, ते विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. प्रत्येक संगणकाच्या टेबलाला दोरीने एक वही बांधावी. तिच्यात नियम दोनच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्यापूर्वी काय होईल असे वाटते ते लिहायचे. खाडाखोड करायची नाही. चुकलेला अंदाज चुकलेलाच राहू द्यायचा.

राहता राहिला सातवा संगणक. त्याच्या चिठ्ठीवर ‘बंद’ लिहिले होते आणि आम्ही बटण दाबताच तो मुकाट्याने चालू झाला! त्या दिवशी गुरुवार होता. शिपाईमामा म्हणाले, “तो फक्त शनिवारी बंद असतो साहेब.” सगळे हसले. कुणी साडेसातीचाही उल्लेख केला. पण मामांचे निरीक्षण खरे होते. मुलांनी तीन शनिवार पाहिले: तिन्ही वेळा मॉनिटरचा दिवा बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला आणि पडदा काळा. सोमवारी पुन्हा व्यवस्थित. त्यांनी मला पत्र लिहून कारण विचारले. मला एक अंदाज होता, पण मी कळविला नाही. शनिवारी शाळेत आणखी काय वेगळे असते ते लिहून काढा, एवढेच उत्तर पाठविले. त्यांची यादी अशी आली: खिचडी लवकर मिळते, गणवेश पांढरा असतो, कवायत असते, शाळा सकाळी साडेसातला भरते आणि तेव्हा खोलीत थंडी असते.

जानेवारीत त्यांनी भिंतीवर तापमापक टांगला. एका शनिवारी खोलीचे तापमान १२ अंश होते आणि मॉनिटर एकवीस मिनिटे लुकलुकला. त्याच दिवशी साडेदहाला पुन्हा बंद करून लावला तर लगेच लागला. मग वही लिहिणाऱ्या मुलीने पुढचा अंदाज आधीच नोंदवून ठेवला: ‘मार्चपासून रोज सकाळची शाळा आहे. वाराचा दोष असेल तर तो फक्त शनिवारी बंद पडेल. थंडीचा दोष असेल तर सुरुवातीला रोज बंद पडेल आणि उन्हाळा वाढला की शनिवारीही चालेल.’

मार्चच्या पहिल्या सोमवारी तो सहा मिनिटे लुकलुकला. मंगळवारी पाच. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसातला खोलीत २६ अंश होते, आणि वहीत त्या तारखेपुढे एकच शब्द आहे: ‘लागला.’ खाली दुसऱ्या अक्षरात लिहिले आहे की आतला कोणता भाग थंडीत आळशी होतो ते शोधायचे आहे, कपॅसिटरविषयी सरांना विचारावे. पण मॉनिटर उघडायचा नाही.